सिम्युलेटरमध्ये वरून घालायच्या ॲड-ऑन विमानांची वाट बघणारे सिमर आहेत का इथे? ७४७ साठी थांबू की ७७७ घेऊन टाकू?

मनीषनगर_टॉवर
नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

घर नागपूरला, मनीष नगरात. गच्चीवर उभं राहिलं की सोनेगावला उतरणारी विमानं दिसतात, त्यामुळे हा नाद फार जुना. चार सीड्यांचा एफएस २००४ होता तेव्हापासून सिम्युलेटर उडवतोय. आता एमएसएफएस (मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर) २०२४ आहे, बरा पीसी आहे, योक (विमानाचं स्टिअरिंग) आहे, रडर पेडल मागच्या दिवाळीला घेतले.

तर विषय असा. मी आठ वर्षांचा असताना आमची आत्या परदेशी निघाली म्हणून सगळं खटलं मुंबईला सहारला गेलं होतं आणि तिथे काचेतून मी एअर इंडियाचं ७४७-४०० पाहिलं, त्या खिडक्यांवरच्या लाल महिरपींसकट. ते डोक्यातून गेलंच नाही. २२ एप्रिल २०२४ ला एअर इंडियाचं शेवटचं ७४७ मुंबईहून अमेरिकेत प्लेनफिल्डला गेलं, सुटे भाग काढायला. उडाल्यावर वैमानिकांनी पंख एकदा इकडे एकदा तिकडे झुकवून निरोप घेतला. तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला असेल, मोजलं नाही.

आता ते विमान मला माझ्या टेबलावर पाहिजे. सिमसाठी विमानं बनवणाऱ्या पीएमडीजी कंपनीने ७४७ करणार असं सांगितलंय, पण तारीख नाही. रोज सकाळी चहाआधी त्यांचं पान उघडून बघतो. त्यासाठी म्हणून पैसे बाजूला ठेवलेत आणि तिकडे त्यांचंच ७७७-३००ईआर समोर तयार आहे, साधारण ७५ डॉलर. घेऊ का? का थांबू? आणि तुम्ही कोणत्या विमानाची वाट बघताय तेही सांगा.

तर्रीपोहा
भाऊ, डेव्हलपर "लवकरच" म्हनते तेव्हा समजायचं का मृग लागला. पाऊस येईलच असं काई नाई 😄

पुणेकर_एअरबस
थांबू नका, पण ७७७ पण घेऊ नका. आधी सांगा, तुम्हाला दिवसाला वेळ किती मिळतो? नोकरी करून रात्री दीड-दोन तास मिळत असतील तर लांब पल्ल्याचं विमान घेऊन तुम्ही करणार काय, मुंबई-लंडन नऊ तास ऑटोपायलटवर लावून झोपणार? मी ते करून बसलोय, सकाळी उठून बघितलं तर विमान इंधन संपून कॅस्पियन समुद्राच्या आसपास पडलेलं. तेव्हापासून फेनिक्स कंपनीचं ए३२० एके ए३२०. पुणे-नागपूर तासाभरात, चेकलिस्ट सगळी नीट, उतरून जेवायला मोकळा. २०२२ च्या मे महिन्यात आलं ते, त्याच महिन्यात पीएमडीजीचं ७३७-७०० पण आलं, तो महिना मी विसरणार नाही, दोन्हीचे डाउनलोड आणि ऑफिसचं काम एकाच लॅपटॉपच्या नेटवर चालू होतं.

पैसे खर्चायचे नसतील तर फ्लायबायवायरचं ए३२० निओ फुकट आहे, आणि फुकट म्हणून हलकं समजू नका, स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं खपून केलंय. त्याच लोकांनी २०२४ च्या शेवटाकडे ए३८० पण फुकट दिलं.

आणि ७४७ च पाहिजे असेल तर सिममध्ये आधीपासून ७४७-८ आहेच की. वर्किंग टायटल नावाच्या टीमने २०२३ मध्ये त्याचे एव्हिऑनिक्स (कॉकपिटातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) बरेच सुधारले.

मनीषनगर_टॉवर
७४७-८ उडवलंय हो. चांगलं आहे. पण ते एअर इंडियाचं नव्हतंच कधी, आपल्याकडे -४०० होती. वरच्या मजल्याचं कुबड -८ ला लांब आहे, इंजिनं वेगळी, पंख वेगळे. नातेवाइकांच्या लग्नात चुलतभावाला बघून सख्खा भाऊ आला म्हणायचं, तसं होतं ते.

मिहानवाला
मी मिहानमध्ये काम करतो, विमानांशी संबंध नाही, आयटी आहे. पण जाता-येता एमआरओ, म्हणजे विमानांच्या देखभाल-दुरुस्तीची जागा, दिसते. एअर इंडियाचे ७७७ तिथं देखभालीला येतात, धावपट्टीपासून एमआरओपर्यंत टॅक्सीवे काढलेला आहे त्यावरून हळूहळू येतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी गाडी बाजूला लावून उभाच राहिलो. इंजिनाचं तोंडच एवढं मोठं आहे का माणूस आत सहज उभा राहील. जीई९०-११५बी, एकेक इंजिन १ लाख १५ हजार पौंड जोर देते.

म्हणून मी म्हणतो ७७७ घ्या. नागपूरच्या माणसाला ७७७ परकं नाही न. आणि वाट बघायचं म्हणाल तर आम्ही ७७७ वाल्यांनी किती पाहिली ते आम्हालेच माहीत. एमएसएफएस आलं ऑगस्ट २०२० ला. ७७७ आलं जून २०२४ ला. पावणेचार वर्षं. त्याच्या आधी एफएसएक्सवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्याच जुन्या सिमवर, २०१३ चं ७७७ होतं तेच घासत राहिलो, जुना पीसी काढून टाकला नाही फक्त त्याच्यासाठी. आलं त्या रात्री मी नागपूरहूनच उडवलं पहिल्यांदा, धावपट्टी ३२ वरून, रिकामं विमान, दिल्लीला फेरी फ्लाइट. जशी खरी जाते तशी.

पुणेकर_एअरबस
@मिहानवाला हे मात्र भारी केलंत. रिकामं विमान घेऊन एमआरओतून निघायचं, ही कल्पना मला सुचली नसती.

सेसना_ताई
नमस्कार. मी खऱ्या विमानावर शिकतेय, अजून विद्यार्थी आहे, सेसना १५२. घरी सिम पण आहे. थोडं वेगळं मत मांडते, राग मानू नका.

तुम्ही सगळे ज्या विमानांची वाट बघताय ती सगळी मोठी जेट. त्यात बटणं खूप, सिस्टिम खूप, पण उडवणं असं कमी. मी सिमवरून आले तेव्हा माझ्या इन्स्ट्रक्टर सरांनी पहिल्याच तासाला नकाशाचा कागद काढून सगळ्या घड्याळांवर धरला आणि म्हणाले आता बाहेर बघ. मला बाहेर बघताच येत नव्हतं. क्षितिज कुठे, नाक किती वर, काहीच नाही. सिममुळे नजर आतल्या घड्याळांना चिकटलेली. ती सवय मोडायला मला बरेच तास गेले.

आणि नागपूरच्या उन्हाळ्यात छोटं विमान काय चीज आहे ते एकदा सिममध्ये करून बघा. आपली धावपट्टी समुद्रसपाटीपासून १०३३ फुटांवर. त्या उंचीला प्रमाण तापमान १३ अंश धरतात. मे महिन्यात दुपारी ४५ असतं, म्हणजे ३२ अंश जास्त. तापलेली हवा विरळ, म्हणजे उंचावर गेल्यासारखंच; दर अंशाला साधारण १२० फूट धरले तर ३८४०, त्यात १०३३ मिळवा, ४८७३. उन्हाळ्यात दाबही खाली असतो, म्हणजे विमानाच्या दृष्टीने आपण ५००० फुटांच्या वर उभे आहोत. ११० हॉर्सपॉवरचं इंजिन, दोन माणसं, टाकी भरलेली. धावपट्टी ३२०० मीटर आहे म्हणून चिंता नाही, पण वर चढताना ते विमान असं चढतं की बाजूची झाडं बराच वेळ सोबतीला असतात. म्हणून आमची उड्डाणं सकाळी लवकर. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण कळलं ते सिममध्ये तापमान ४५ टाकून उडाल्यावर. एमएसएफएसच्या १५२ मध्येसुद्धा फरक स्पष्ट दिसतो.

मी वाट बघतेय ती अशा छोट्या विमानांची ज्यांची काळजी घ्यावी लागते. ए२ए चं कोमँची २०२३ मध्ये आलं तसं. त्यात इंजिन निष्काळजीपणे चालवलं तर ते झिजतं आणि पुढच्या वेळी ते झिजलेलंच मिळतं.

तर्रीपोहा
ताई, झाडं सोबतीला असतात 😂 पन खरं आहे, मी सेसना घेऊन मे महिन्यात निघालो त वर्धा रोडच्या डबल डेकरवरची मेट्रो माह्याहून वर दिसून राहिली होती.

कूलरसमोर_बसलेला
मे महिन्याचा विषय निघालाच आहे तर विचारतो. माझी खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर स्लॅब. दुपारी सिम लावला की ग्राफिक्स कार्ड ८५ च्या वर जातं. डेझर्ट कूलर पीसीकडे तोंड करून ठेवला तर चालेल का?

मिहानवाला
नको बाप्पा!! कूलरची हवा ओली असते. खस भिजलेली, त्याच्यातून आलेली हवा थेट पीसीत. माणसाले बरं वाटते, मदरबोर्डाले नाई.

कूलरसमोर_बसलेला
मग काय एसी घेऊ, तोही ॲड-ऑनच झाला की.

सेसना_ताई
रात्री दहानंतर उडवा. तसंही खिडकी उघडी टाकून उडवायची मजा वेगळी. आणि फ्रेम रेट ३० वर बांधून टाका, कार्ड उगाच तापत नाही.

कूलरसमोर_बसलेला
३० वर बांधला. ८५ चं ७१ झालं. ताई, आभार, मनापासून.

मिग_एकवीस
मी डीसीएसवाला, म्हणजे लढाऊ विमानांच्या सिमवाला, त्यामुळे या धाग्यात पाहुणा. वायुसेनानगरच्या रस्त्याने शाळेत जायचो, तिथून हे वेड. माझ्याकडे मिग-२१ बिस आहे. २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला मिग-२१ ला वायुसेनेनं निरोप दिला त्या संध्याकाळी मी एकटाच त्यावर अर्धा तास उडलो, कुठे गेलो नाही, नुसत्या घिरट्या. उतरताना वेग किती जास्त ठेवावा लागतो त्यात, जरा कमी केला की खाली बसतं. ज्यांनी ते खरं उडवलं त्यांना सलाम.

वाट बघतोय तेजसची. कोणी मन लावून, सगळ्या सिस्टिम्ससकट तेजस केलं तर मी जे म्हणतील ते पैसे देईन. ७४७ वाल्यांना निदान कोणीतरी करतो म्हणालंय.

अंबाझरी_अप्रोच
पैशांचा विषय निघाला म्हणून. आगाऊ पैसे भरू नका कोणी. मी एका छोट्या कंपनीचं विमान, नाव घेत नाही, चित्रं बघून आधीच घेतलं होतं. चित्रं सुंदर, कॉकपिटातल्या स्क्रूवरची खरचटही दिसायची. हातात आलं तर ऑटोपायलट वळणावर सरळ निघून जायचा आणि हायड्रॉलिकची बटणं म्हणजे नुसती चित्रं, दाबली तरी काही होत नाही. दुरुस्ती येते म्हणाले, आली नाही. मेलला उत्तर देणंही बंद केलं. तेव्हापासून माझा नियम, विमान आलं की तीन आठवडे थांबायचं, पहिल्या दोन दुरुस्त्या येऊ द्यायच्या, खऱ्या वैमानिकांचे व्हिडिओ बघायचे, मग खिसा उघडायचा. उत्साह असतो हो, पण पैसे कष्टाचे असतात.

पुणेकर_एअरबस
+१. विशेषतः वळण आणि व्हीनॅव्ह (ठरलेल्या उंचीने आपोआप चढणं-उतरणं) बघायचं. दिसायला सगळीच विमानं छान असतात आजकाल.

धरमपेठची_आई
मला यातलं काही कळत नाही पण धागा पूर्ण वाचला. माझा मुलगा नववीत आहे, त्याला विमानांचं वेड आहे, दिवसभर अमकं विमान येणार तमकं येणार हेच. वाढदिवसाला त्याला असं एक विमान घेऊन द्यावं म्हणते. कोणतं घेऊ?

सेसना_ताई
काकू, विमान नका घेऊ, जॉयस्टिक घ्या. साधी चालेल. विमानं सिममध्ये भरपूर येतात आणि फ्लायबायवायरची मोठी विमानं फुकट आहेत. कीबोर्डवर उडवत असेल तर त्याला हातात काही आल्यावर जो फरक पडेल तो कुठल्याही विमानाने पडणार नाही.

मनीषनगर_टॉवर
अगदी हेच. आणि काकू, माझी जुनी जॉयस्टिक पडून आहे, चांगली चालते. धरमपेठला आणून देतो, पैसे नकोत. व्यनि करा.

धरमपेठची_आई
देव तुमचं भलं करो. केला आहे व्यनि.

डाकवाले_काका
मी बहात्तर वर्षांचा आहे. नातवाने सिम लावून दिलं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा वेळ जावा म्हणून. तुमच्या जेटमधलं मला जमत नाही. मी एकच विमान उडवतो, डाकोटा, म्हणजे डीसी-३. नोव्हेंबर २०२२ ला सिमची चाळीस वर्षांची खास आवृत्ती निघाली त्यात सगळ्यांना फुकट मिळालं ते. तुमच्यापैकी बहुतेकांकडे असेल, यादीत खाली कुठेतरी पडलेलं.

डाकोटाच का ते सांगतो. माझे वडील आर.एम.एस.मध्ये, म्हणजे रेल्वे टपालसेवेत होते, पोस्टाच्या पिशव्या लावायचे. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सुरू झाली ना, तिचं ठाणं नागपूर. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, चारही दिशांनी रात्री एकेक विमान टपाल घेऊन निघायचं आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही सोनेगावला. देशाच्या मधोमध आहोत ना आपण, त्याचा हा उपयोग. तिथे पिशव्यांची अदलाबदल. दिल्लीच्या विमानातली मद्रासची पिशवी मद्रासच्या विमानात, मुंबईच्या विमानातली कलकत्त्याची पिशवी कलकत्त्याच्या विमानात. मग प्रत्येक विमान आपापल्या गावी परत, सकाळी टपाल हजर. १९७३ पर्यंत चाललं हे.

वडील रात्रपाळीला सायकलने जायचे. आई डबा द्यायची, हिवाळ्यात अंगावर घोंगडी. मला एकदा घेऊन गेले होते, मी सहा-सात वर्षांचा असेन. चार विमानं दिव्यात उभी, शेपटी जमिनीला टेकलेली, नाक आकाशाकडे, आणि गरम तेलाचा वास. माणसं पिशव्या खांद्यावर घेऊन पळताहेत, कोणी ओरडत नाही, सगळ्यांना आपापलं विमान ठाऊक. वडील मला म्हणाले इथे पिवळ्या रेघेच्या आत यायचं नाही. मी आलो नाही.

१९५३ च्या डिसेंबरात सोनेगावहून उडताच एक डाकोटा पडली होती, माझ्या जन्माच्या सुमाराची गोष्ट. वडील त्या रात्रीबद्दल कधी बोलले नाहीत, आईने सांगितलं नंतर.

तर मी रात्री कधीतरी मुंबईहून डाकोटा घेऊन निघतो आणि सोनेगावला उतरतो. इतर तीन विमानं नसतात, एकटाच असतो. मला नव्या कुठल्या विमानाची वाट बघायची नाही. ती तीन विमानं आली तर बरं वाटेल.

तर्रीपोहा
काका... आता काय लिवू. मद्रास माह्याकडे. बोला कवा.

मिहानवाला
दिल्ली मी घेतो.

पुणेकर_एअरबस
कलकत्ता माझं. डाकोटा कधी सुरूही केलेलं नाही, आज रात्री बसतो. काका, इंजिन सुरू करायचा क्रम सांगाल का?

डाकवाले_काका
सांगतो. आधी शेपटीचं चाक. उडताना आणि उतरताना ते लॉक पाहिजे, नाहीतर विमान जमिनीवरच गिरकी घेतं. इंजिन गरम होईपर्यंत घाई नको. बाकी व्यनितून पाठवतो, मोठं आहे.

सेसना_ताई
मी गणित करून ठेवलंय. डाकोटाचा वेग १४५ नॉट धरला. मुंबई-नागपूर साधारण ३७० नॉटिकल मैल, २ तास ३५ मिनिटं. दिल्ली ४६०, सव्वातीन तास धरा. मद्रास ४९०, ३ तास २५ मिनिटं. कलकत्ता ५३०, ३ तास ४० मिनिटं. बारा वाजता सोनेगाव गाठायचं तर कलकत्ता ८.२०, मद्रास ८.३५, दिल्ली ८.४५, मुंबई ९.२५. वारा बघून पाच-दहा मिनिटं मागेपुढे. शेवटी चौघे एकाच वेळी येणार, म्हणून उंची वेगळी ठेवा, ५००० पासून हजार-हजार फुटांनी. मी खाली उभी राहून क्रम लावते, कोणी आधी उतरायचं ते. शनिवार?

मनीषनगर_टॉवर
शनिवार. मुंबई काकांची. मी कोणाच्या तरी उजव्या सीटवर बसेन म्हणजे त्याची स्क्रीन बघेन, नाहीतर काकांच्या मागोमाग दुसरी डाकोटा घेऊन येतो, जास्तीची टपाल समजा.

अंबाझरी_अप्रोच
शनिवारी हवा खरी ठेवायची ना? की स्वच्छ?

डाकवाले_काका
खरी ठेवा.

पुणेकर_एअरबस
शनिवारचा वृत्तांत, बाकीच्यांसाठी. मी रायपूरच्या अलीकडे ढगात शिरलो, डाव्या इंजिनाचं तापमान वाढायला लागलं, काउल फ्लॅप (इंजिन थंड ठेवणाऱ्या हवेच्या झडपा) उघडायचे विसरलो होतो. १२.११ ला उतरलो, सगळ्यात शेवटी. उतरून वळलो तर तिन्ही विमानं ओळीने उभी होती, दिवे लावून. काका फोनवर होते, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कलकत्ता उशिराच यायचं. बाबा म्हणायचे."

धरमपेठची_आई
आमच्या बाळानेही बघितलं, एक वाजेपर्यंत जागा होता, मी रागावले नाही. जॉयस्टिक मिळाली.

मनीषनगर_टॉवर
मूळ प्रश्नाचं राहिलं. ७७७ घेतलं नाही. पैसे ७४७ साठी तसेच ठेवलेत, सकाळी पीएमडीजीचं पान उघडणंही चालू आहे, आजही उघडलं, काही नाही. कोणाला तारीख दिसली तर याच धाग्यावर टाका, रात्री कितीही वाजले असोत.

येत्या शनिवारी तर्रीपोहा लग्नाला काटोलला चाललाय. मद्रासला माणूस पाहिजे. ८.३५ ला निघायचं.

कूलरसमोर_बसलेला
मी येतो. ७१ अंशावर आहे आता.